हॅमवरचं गोड ग्लेझ: पाक दहा मिनिटांचा, पण लावायचा अगदी शेवटी

हॅम म्हणजे मिठात मुरवलेली डुकराची मांडी आणि ग्लेझ म्हणजे भाजताना तिच्यावर चढवायचा गोड-आंबट, चकचकीत पाक. हॅम ग्लेझच्या रेसिपी शोधायला बसलात तर ढीगभर सापडतात आणि प्रत्येकीत भांडण एकच, मध घ्यायचा की मेपल सिरप, अननस की संत्रं, डिजॉन मस्टर्ड (झणझणीत फ्रेंच मोहरीची पेस्ट) की साधी पिवळी. खरं सांगायचं तर यातलं काहीही घेतलंत तरी चालतं. ग्लेझ बिघडतं ते साहित्यामुळे नाही, वेळेमुळे बिघडतं. साखरेचा पाक दोन-अडीच तास ओव्हनमध्ये टिकत नाही, करपतो, कडू होतो आणि वर काळा पापुद्रा येतो जो कोणीच खात नाही. म्हणून ग्लेझ म्हणजे शेवटच्या अर्ध्या तासाचं काम, तोपर्यंत हॅम नुसता झाकून गरम होत राहू द्यायचा. एवढं डोक्यात ठेवलं की बाकी सगळं आपल्या आवडीवर आहे.

आधी तुमच्याकडे नक्की कुठला हॅम आहे ते बघा, कारण ग्लेझ कधी लावायचं ते त्यावर ठरतं. पाकिटावर "पूर्ण शिजवलेला" असं लिहिलेलं असेल तर तो मिठाच्या पाण्यात मुरवून, बहुतेक वेळा धुरी देऊन आधीच शिजवलेला असतो, थंड खाल्ला तरी चालतो, आपण फक्त गरम करून वर ग्लेझ चढवणार. अशा हॅमला आतून ६० अंश सेल्सिअस पुरे. कच्चा असेल, म्हणजे मुरवलेला आहे पण शिजवलेला नाही (ब्रिटनमध्ये ज्याला गॅमन म्हणतात तो यातलाच), तर आतलं तापमान ६३ अंशांवर जायला हवं आणि नंतर निदान ३ मिनिटं तसाच ठेवायचा. आणि शिजवलेलाच आहे पण कारखान्याचं मूळ पॅकिंग नाही, दुकानात सुटा कापून बांधून दिलाय, किंवा उरलेला परत गरम करताय, तर ७४ अंश. हे आकडे अमेरिकेच्या कृषी विभागाच्या मार्गदर्शनातले आहेत, घरी पाळायला सोपे आहेत. त्यासाठी मांसात खुपसायचा थर्मामीटर हवा, अंदाजाने हे जमत नाही. तो खुपसताना हाडाला टेकू देऊ नका, नाहीतर आकडा चुकीचा येतो.

अजून एक प्रकार म्हणजे कोरड्या मिठात महिनोन्‌महिने मुरवलेला कंट्री हॅम. तो भयंकर खारट असतो, आधी भिजवून, उकळून मीठ काढावं लागतं, त्यामुळे त्याची पद्धत वेगळी आणि त्यावर ग्लेझ अगदी पातळ लावतात. इथे पुढे जे लिहितोय ते नेहमीच्या, ओल्या मुरवणीच्या, शिजवलेल्या हॅमबद्दल.

आता ग्लेझकडे. यात चार गोष्टी लागतात: काहीतरी गोड, काहीतरी आंबट, थोडा झणका आणि चमचाभर बटर. मीठ नाही, अजिबात नाही, हॅममध्येच ते भरपूर असतं आणि पाक आटला की खारटपणा अजून वर येतो. सोया सॉस घालावासा वाटेल, नका घालू. लोक सगळ्यात जास्त कंजुषी आंबटात करतात आणि मग म्हणतात की हॅम नुसता गोडमिट्ट लागतोय. खारट मांस, वर चरबी, त्यावर साखर, हे तिन्ही जड आहेत, त्यांना कापायला व्हिनेगर किंवा फळाचा रस लागतोच. पाक चाखल्यावर आधी गोड आणि लगेच मागून जिभेच्या कडेला आंबट लागला पाहिजे. नुसता चाखताना थोडा जास्तच आंबट वाटला तर घाबरू नका, हॅमवर गेला की बरोबर होतो.

३ ते ४ किलोच्या हॅमला पुरेल असं माझं प्रमाण:

ब्राउन शुगर १ कप, दाबून भरलेला, साधारण २०० ग्रॅम
मध पाव कप
संत्र्याचा रस पाव कप, म्हणजे ६० मिली
अ‍ॅपल सायडर व्हिनेगर २ टेबलस्पून
डिजॉन मस्टर्ड २ टेबलस्पून
बटर ३० ग्रॅम, बिनमिठाचं
काळी मिरी जाडसर कुटून अर्धा टीस्पून
लवंगेची पूड चिमूटभर, पाव टीस्पूनच्या वर नाही

ब्राउन शुगर का, तर त्यात मोलॅसिस (साखर करताना उरणारी काळी मळी) असतं, त्याने रंग आणि किंचित कडवट खोल चव येते जी पांढऱ्या साखरेत नसते. पांढरीच असेल तर चालेल, पाक थोडा सपाट लागेल इतकंच. मध नुसत्या चवीसाठी नाही. साधी साखर एकटी घेतली तर पाक थंड होताना परत दाणे धरू शकतो, मधातल्या फ्रुक्टोज-ग्लुकोजमुळे तो गुळगुळीत राहतो. पण मधाला एक खोड आहे, त्यातली फ्रुक्टोज साधारण ११० अंशांनाच कॅरामल व्हायला लागते आणि साध्या साखरेला त्यासाठी १६० च्या पुढे जावं लागतं, त्यामुळे मध जितका जास्त तितकं ग्लेझ लवकर लाल होतं आणि लवकर करपतं. सगळीच्या सगळी साखर काढून नुसता मध घालणार असाल तर ओव्हनसमोरून हलू नका.

लवंगेबद्दल जरा बोलू द्या. जुन्या फोटोंमध्ये हॅमच्या प्रत्येक चौकटीत एकेक अख्खी लवंग खोचलेली असते, दिसतं सुंदर, पण खाताना ती दाताखाली आली की पुढचे चार घास फक्त लवंगेचेच लागतात. वाढायच्या आधी सगळ्या वेचून काढायला तयार असाल तर खुशाल खोचा. मला पूड बरी वाटते, चव सगळीकडे सारखी पसरते आणि प्रमाण आपल्या हातात राहतं.

करायची कृती सोपी आहे. जाड बुडाचं पातेलं घ्या आणि वाटतं त्यापेक्षा मोठं घ्या, साखर उकळताना फसफसून वर येते आणि उतू गेली तर शेगडी घासत बसावं लागतं. बटर मंद आचेवर वितळवा, त्यात साखर, मध, संत्र्याचा रस, व्हिनेगर आणि निम्मी मस्टर्ड घाला, ढवळत राहा, आधी साखर पूर्ण विरघळू द्या आणि मगच उकळी येऊ द्या, दाणे राहिले असताना उकळलंत तर ते कडेला चिकटून बसतात आणि नंतर पाकात पडतात. उकळी आली की आच कमी करून ५ ते ८ मिनिटं आटवा. मिरी आणि लवंग शेवटच्या मिनिटाला. उरलेली मस्टर्ड गॅस बंद केल्यावर घाला, कारण मस्टर्डचा नाकात जाणारा झणका उष्णतेने उडून जातो, सगळी आधीच शिजवली तर हातात फक्त आंबटपणा उरतो.

कधी झालं ते कसं ओळखायचं? चमचा बुडवून उचला, मागच्या बाजूला पातळ थर राहिला पाहिजे आणि त्यातून बोट फिरवलं की वाट उघडी राहिली पाहिजे (गरम असतो, जरा थांबून बोट लावा, साखरेचा चटका फार वाईट). एकतारी पाक ज्यांना ओळखता येतो त्यांना सांगायला सोपं: तार धरायच्या अलीकडेच उतरवायचा. पातेल्यात पातळ वाटतो म्हणून लोक आटवत राहतात आणि थंड झाल्यावर त्याची गोळी होते. ११२-११५ अंशांच्या पुढे गेला की तो ग्लेझ राहत नाही, टॉफी होते. झालाच घट्ट तर टाकून देऊ नका, चमचा-दोन चमचे रस किंवा पाणी घालून मंद आचेवर परत सैल करा.

यातला पाऊण भाग ब्रश बुडवायला ठेवा आणि पाव भाग वेगळ्या वाटीत काढून झाकून ठेवा. ती वाटी जेवताना टेबलावर जाणार, तिच्यात ब्रश जाता कामा नये, खास करून हॅम कच्चा घेतला असेल तर.

बदल हवेत तर खूप करता येतात. जर्दाळूचा जॅम किंवा संत्र्याचा मार्मलेड हा सगळ्यात आळशी आणि तरीही चांगला मार्ग, कारण जॅममध्ये साखर, फळ आणि पेक्टिन (फळातला घट्टपणा आणणारा घटक) आधीच असतं, एक कप जॅम, दोन चमचे मस्टर्ड, दोन चमचे व्हिनेगर, गरम करून ढवळलं की संपलं, आटवायचंही नाही. अननसाचा रस घेणार असाल तर ताजा की डब्यातला याची काळजी नको, ताज्या अननसात मांस मऊ करणारं एन्झाइम असतं खरं पण उकळल्यावर ते निकामी होतं. कोला घालतात तेही चालतं, ३३० मिलीच्या कॅनमध्ये ३५ ग्रॅमच्या आसपास साखर असते आणि आंबटपणाही असतो, फक्त कॅन आधी एकट्याने उकळून पाव भागावर आणा आणि मग बाकी साहित्यातली साखर थोडी कमी करा. बर्बन (अमेरिकन व्हिस्की) किंवा रम घालायची असेल तर पातेलं आचेवरून बाजूला काढून घाला, पेटत्या गॅसवर बाटलीतून ओतू नका, भडका उडतो. मेपल सिरप मधाच्या जागी चालतं, ते जास्त पातळ असतं म्हणून दोन-तीन मिनिटं जास्त आटवा. आलं किसून घातलं तर मस्त, दालचिनी मात्र फार जपून, तिने हॅमचा केक होतो.

आता हॅमची तयारी. फ्रीजमधून तास-दीड तास आधी बाहेर काढा. वर जाड कातडी असेल तर ती काढावी लागते, तिच्यातून ग्लेझ आत जात नाही आणि ती चावतही नाही. सुरीने कडेला सोडवून घ्या आणि मग बोटांनी ओढत ओढत काढा, खालची चरबी मात्र राहू द्या, साधारण अर्धा ते एक सेंटिमीटरचा थर. चरबी खूप जाड असेल तर तासून कमी करा, पण पूर्ण काढू नका, ग्लेझ चरबीवरच चढतं आणि चरबी वितळताना त्यातच मिसळून खरपूस होते.

मग चरबीवर तिरक्या रेघा मारायच्या, एकमेकींपासून २ ते ३ सेंटिमीटरवर, आणि उलट्या बाजूने परत तशाच, म्हणजे शंकरपाळ्यासारख्या चौकटी पडतात. हे नुसतं दिसायला नाही, त्या चिरांमधून चरबी बाहेर येते आणि पाक आत अडकून बसतो, गुळगुळीत चरबीवर लावलेला पाक सगळा ट्रेमध्ये ओघळतो. चीर फक्त चरबीपुरती, मांसात गेलात तर भाजताना ती उघडते आणि रस वाहून जातो. आधीच गोल गोल काप पाडून मिळणारा स्पायरल हॅम असेल तर रेघा मारायची गरजच नाही, पण तो लवकर कोरडा पडतो म्हणून त्याला जास्त जपावं लागतं.

ट्रेला आतून फॉइलचे दोन थर लावा. ओघळलेला पाक ट्रेला जळून चिकटला की तो निघता निघत नाही. हॅम कापलेली बाजू खाली करून ठेवा, जाळी असेल तर जाळीवर, तळाला सेंटिमीटरभर पाणी ओता आणि वरून फॉइलने घट्ट झाका. ओव्हन १६० अंश, पंख्याचा असेल तर १४०. हाडासकटच्या अर्ध्या हॅमला किलोमागे ४० ते ५० मिनिटं धरा, अख्खा मोठा असेल तर किलोमागे ३५-४० मिनिटं, स्पायरलला त्याहून कमी. ३ किलोचा तुकडा म्हणजे दोन-अडीच तास झाले, आणि या सगळ्या वेळात त्याच्याकडे बघायचं नाही. पाक शेवटच्या तासात करा, ताजा कोमट पाक लावायला बरा पडतो.

आतलं तापमान ५० अंशांच्या आसपास आलं की हॅम बाहेर काढा (कच्चा हॅम असेल तर ५५ पर्यंत थांबा), फॉइल काढून टाका आणि ओव्हन २०० वर करा. ट्रेमध्ये पाणी उरलंय का बघा, नसेल तर अर्धा कप घाला, कोरड्या ट्रेवर साखर पडली की तिचा धूर होतो आणि त्या धुराचा कडू वास हॅमला लागतो. मग किचन पेपरने हॅमचा वरचा भाग टिपून घ्या. हे बारीकसं काम सगळे विसरतात. झाकून ठेवल्यामुळे वर वाफेचं पाणी आणि वितळलेली चरबी असते, त्यावर ब्रश मारला की पाक घसरून जातो आणि मग वाटतं पाकच पातळ झालाय.

पहिला हात पातळ द्या, चिरांमध्ये ब्रश नीट घालून. ८-१० मिनिटं ओव्हनमध्ये, न झाकता. बाहेर काढा, दुसरा हात थोडा जाड. परत ८-१० मिनिटं. मग तिसरा. एकदम सगळा पाक ओतला तर निम्मा खाली जातो, थराथराने दिला की प्रत्येक थर खालच्याला धरतो आणि तो तकतकीत, काचेसारखा रंग येतो. ट्रे फिरवून ठेवा, बहुतेक ओव्हनचा एक कोपरा जास्त तापतो. ब्रश करताना दार उघडं ठेवून आत हात घालून बसू नका, सगळी उष्णता जाते, ट्रे बाहेर काढून शांतपणे लावा.

तिसऱ्या थरानंतर ५ मिनिटांनी बघायला लागा. कडा गडद तपकिरी, मधे बुडबुडे येतायत पण फेस नाही, चौकटींची टोकं थोडी काळपट, इथे थांबायचं. टोकं काळपट व्हायलाच हवीत, ती सगळ्यात आधी संपतात. एखादीच जागा जास्त काळी पडत असेल तर तेवढ्यावर फॉइलचा छोटा तुकडा ठेवा. आणि तापमान झालं पण रंग आला नाही असं झालं तर वरची ग्रिल लावा, हॅमचा माथा ग्रिलपासून १५-२० सेंटिमीटर लांब ठेवून, १ ते ३ मिनिटं, दारासमोर उभं राहून. फोन आला तर उचलू नका. ग्रिलखाली सोनेरी ते कोळसा हा प्रवास अर्ध्या मिनिटात होतो.

स्पायरलचं थोडं वेगळं: पाक अजून जरा सैल ठेवा, चमचाभर रस जास्त, आणि पापुद्रे किंचित उघडून आत थोडा थोडा सोडा, पण शेवटच्याच थरात, आणि २०० ऐवजी १८० अंशावर, नाहीतर कापांच्या कडा कडक होतात.

बाहेर काढल्यावर १५-२० मिनिटं हात लावू नका. आतलं तापमान या वेळात अजून दोन-चार अंश चढतं, रस स्थिरावतो आणि ग्लेझ घट्ट होऊन चिकटतं. लगेच कापलंत तर सुरीबरोबर सगळं वरचं आवरण सोलून येतं. झाकायचं असेल तर फॉइल नुसतं वरून सैल ठेवा, घट्ट गुंडाळलं तर वाफेने इतकी मेहनत घेतलेली चकाकी विरघळून ओली पचपचीत होते.

ट्रेमध्ये उरलेलं पाणी फेकायच्या आधी चाखा. करपलेलं नसेल तर त्यात चांगली चव असते पण ते खारट असतं, वरची चरबी चमच्याने काढून टाका, गाळा, बरोबरीने पाणी किंवा संत्र्याचा रस घाला, कॉर्नफ्लोअरचा एक चमचा थंड पाण्यात कालवून घाला आणि दोन मिनिटं उकळा, पातळसर सॉस तयार. कडू लागत असेल तर वाचवायचा प्रयत्न करू नका, साखर एकदा जळली की कशानेच परत येत नाही.

पाक आधी करून ठेवायचा असेल तर झाकणबंद बाटलीत फ्रीजमध्ये आठवडाभर सहज राहतो, वापरताना कोमट करा, बटर वर गोठलेलं दिसेल, ढवळलं की मिसळतं. ब्रश बुडवलेला उरलेला पाक मात्र ठेवू नका. हॅम उरला तर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेला पाहिजे, हाडावरून काढून, काप करून डब्यात ठेवलात तर लवकर थंड होतो, आणि ३-४ दिवसांत संपवा. हाड वेगळं फ्रीझरमध्ये टाका, सूपला कामाला येतं, फक्त ग्लेझ लागलेले तुकडे त्यावरून आधी काढून घ्या, नाहीतर सूप गोड होईल.